पॉवर सप्लायचा पंखा: डिसेंबरात शांत, मे महिन्यात जोरात

माझ्या टेबलावरचा ० ते ३० व्होल्ट, ५ अँपियरचा लिनियर (जादा व्होल्टेज ट्रान्झिस्टरवर उष्णतेच्या रूपाने सोडणारा) पॉवर सप्लाय कामाला चोख आहे. परंतु त्याच्या पाठीमागचा ८० मिलिमीटरचा पंखा बटण दाबताच पूर्ण वेगाने फिरू लागतो आणि समोर एकच एलईडी जोडलेला असला तरी तेवढाच ओरडतो. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत तो ऐकूही येत नाही. डिसेंबरच्या रात्री, गाव झोपल्यावर, एखाद्या ॲम्प्लिफायरमधली बारीक गुणगुण शोधत बसावे तेव्हा मात्र तो असह्य होतो.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे हळू फिरणारा पंखा बसवणे. हा सल्ला २५ अंशांच्या खोलीत ठीक आहे, पण हिंगणघाटकडच्या खेड्यात टिनाखालच्या खोलीत उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत जातो, हे त्यात धरलेले नसते. ट्रान्झिस्टरवर १० व्होल्ट पडत असतील आणि ५ अँपियर वाहत असतील, तर ५० वॅट उष्णता निर्माण होते; हीटसिंकचा (ट्रान्झिस्टरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्याचा) उष्णतारोध, म्हणजे दर वॅटला होणारी तापमानवाढ, ०.६ अंश धरला, तर तो खोलीपेक्षा ३० अंशांनी तापतो, म्हणजे हिवाळ्यात ५५ आणि आपल्या मे महिन्यात ७५ अंशांवर जातो. पंखा कायमचा मंद केला की हा रोध वाढतो आणि उन्हाळ्याची उरलीसुरली सवलतही जाते. म्हणून माझ्या मते आपल्याकडे पंख्याचा वेग हीटसिंकच्या तापमानावरच ठरायला हवा.

तत्पूर्वी आवाज कसला आहे ते ऐकावे. खरखर येत असेल तर बेअरिंग गेलेले असते; स्टिकरखाली शिलाई मशीनचे तेल सोडल्याने काही काळ निभावते, पण पंखा बदलणेच बरे. थरथर असेल तर बहुधा पात्यांवर रुईचे तंतू आणि धूळ एका बाजूला जास्त साचून तोल बिघडलेला असतो. वेचणीनंतर भाव वाढेपर्यंत कापूस घरातच रचून ठेवणाऱ्यांना हे सांगायला नकोच. दिवाळीनंतर आमच्या घरातले कोणतेही यंत्र उघडले तरी आत पांढरी लव सापडते. ब्रशने पाती साफ करून स्क्रूंखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले की ही थरथर पत्र्याच्या पेटीला लागत नाही. उरतो तो हवेचा आवाज, आणि त्यावर वेग कमी करणे हाच खरा इलाज आहे.

त्यासाठी मी प्रोसेसर वगैरेच्या भानगडीत पडलो नाही. १२ व्होल्ट, ०.१५ अँपियरच्या पंख्याला ४७ ओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडला की पंख्याला साधारण साडेसात व्होल्ट मिळतात, वेग साठ-पासष्ट टक्क्यांवर येतो आणि आवाज सुमारे १० डेसिबलने उतरतो, जो कानाला जवळपास निम्मा वाटतो. या रेझिस्टरला समांतर, हीटसिंकवर घट्ट बसवलेला, नॉर्मली ओपन (गार असताना तुटलेला, तापल्यावर जोडला जाणारा) प्रकारचा केएसडी-३०१ थर्मल स्विच जोडायचा. हीटसिंक ठरलेल्या तापमानाला पोहोचला की रेझिस्टर शॉर्ट होतो, म्हणजे वीज त्याला वगळून जाते, आणि पंख्याला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात.

स्विच निवडताना बाजारात सहज मिळणारा ४५ अंशांचा घेऊ नये, कारण मे महिन्यात तो नुसत्या खोलीच्या उष्म्यानेच जोडला जाऊन बसेल. ५५ चाही पुरत नाही, कारण हा स्विच पुन्हा तुटण्यासाठी तापमान दहा-पंधरा अंश खाली यावे लागते आणि तेवढा गारवा दुपारी आणायचा कुठून? मी ६५ अंशांचा लावला. दोन २एन३०५५ ट्रान्झिस्टरांमध्ये २५-२५ वॅट वाटले गेले आणि जंक्शनपासून (ट्रान्झिस्टरच्या आतल्या तापणाऱ्या भागापासून) हीटसिंकपर्यंतचा रोध मधल्या अभ्रकाच्या चकतीसह वॅटमागे २ अंश धरला, तर ६५ अंशांच्या हीटसिंकवर जंक्शन ११५ च्या आसपास राहते. त्याची मर्यादा २०० आहे.

पंखा साडेसात व्होल्टवर थंड अवस्थेतून दर वेळी सुरू होतो की नाही, हे आधी पाहून घ्यावे. अडखळला तर रेझिस्टर ३३ ओहमचा करावा. ज्या उपकरणातल्या पंख्याला तिसरी, वेग कळवणारी तार आहे, तिथे मात्र हा उपाय जपून करावा, कारण वेग कमी दिसताच काही उपकरणे पंखा बिघडला असे समजून बंद पडतात.