तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांचं स्टेपलरने का नाही केलं?

घशातल्या पिशवीला स्टेपलर चांगला की लेझर, आणि तुम्ही बाबांचं स्टेपलरने का नाही केलंत? झेंकरची पिशवी, म्हणजे अन्ननलिकेच्या तोंडाशी घशाची भिंत फुगून झालेली, अन्न अडकवणारी पिशवी, असल्याचं कळलेल्या घरांतून हे इतक्यांदा विचारलं जातं की आता एकदाच लिहिते.

कापायचं दोन्हींत तेच असतं: पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधली भिंत, आणि तिच्यातला सैल न पडणारा स्नायू. पिशवी काढून टाकत नाहीत, अन्ननलिकेत मोकळी करतात. 1993 पासून वापरात आलेला स्टेपलर कापता कापता कडा टाचतो, म्हणून गळतीची भीती कमी. पण त्याचं टोक कापत नाही, तळाशी सेंटिमीटरभर भिंत उरते. लहान पिशवीत तो बसतच नाही. लेझर तळापर्यंत पोचतो, पण कडा उघड्या राहतात आणि छातीत संसर्ग उतरण्याची धास्ती असते. मला हे सगळं पाठ आहे हो.

बाबांचाही स्टेपलरच ठरला होता. पूर्ण भूल दिली. अर्ध्या तासात डॉक्टर बाहेर आले, मास्क गळ्यात ओढलेला. "नळी बसत नाहीये." दोन्ही पद्धतींना दोन पात्यांची कडक नळी तोंडातून सरळ उतरवावी लागते, त्यासाठी मान मागे जावी लागते. बाबांची मान स्पाँडिलायटिसने आखडलेली, त्यात वरचे दात पुढे. मी म्हटलं, "थोडं अजून बघा ना." ते म्हणाले, "ताई, जोर लावला तर अन्ननलिका फाटेल. मी थांबवतोय." बाबा शुद्धीवर आले तेव्हा ओठ सुजला होता. त्यांनी हातानेच विचारलं, झालं का? मी पांघरूण नीट करत राहिले. संध्याकाळी घोटभर पाणी दिलं, ते ठसक्यासकट उशीवर आलं.

म्हणून पुढे लवचीक दुर्बिणीने केलं. तिला मान वाकवावी लागत नाही, बाबांना गुंगीच्या औषधावर भागलं. आता वरणभात उतरतो. पोळी मात्र पुन्हा अडकायला लागली आहे.

"मग मान उघडूनच करायचं होतं," असं मीही रात्री स्वतःशी भांडते. तसं केल्यावर त्रास परतण्याची शक्यता कमी, हे खरंच आहे. पण बाबांचं हृदय त्या मोठ्या ऑपरेशनला तयार नव्हतं, हेही तेव्हा समोरच होतं. तरी भांडण मिटत नाही.

तीच भिंत दुर्बिणीने पुन्हा कापता येते, असं डॉक्टर म्हणतात. बाबा नको म्हणतात. मला करावंसं वाटतं.