तुम्ही विचारलंत म्हणून: माणसाचा कॅन्सर सोडून विषाणू कशाला?

"माणसं कॅन्सरनं जाताहेत आणि तुम्ही कोंबड्या-माकडांच्या विषाणूंत काय शोधता?" नातेवाईक विचारतात, निधी देणाऱ्या समित्याही विचारतात. एकदा नीट सांगते.

एसव्ही४० या माकडांच्या विषाणूचा डीएनए जेमतेम ५,२०० अक्षरांचा. स्वतःच्या प्रती काढायला त्याला पेशीचीच यंत्रणा लागते, आणि विश्रांतीतली पेशी ती चालूच करत नाही. म्हणून त्याचं लार्ज-टी प्रथिन पेशीचं विभाजन रोखून धरणाऱ्या आरबी या प्रथिनाला पकडतं आणि विभाजनाचा ब्रेक सुटतो. असा अवेळी ब्रेक सुटला की पी५३ हे पेशीचंच दुसरं प्रथिन तिला थांबवतं नाहीतर मारतं. म्हणून लार्ज-टी त्यालाही धरून ठेवतं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा एचपीव्ही हा विषाणू वेगळ्या कुळातला, तरी त्याचं ई७ प्रथिन आरबीवर आणि ई६ पी५३वरच जातं. पेशीची वाढ आणि मरण कुठून चालतं, हे याहून स्पष्ट कोण दाखवणार? पी५३ मुळात १९७९ साली सापडलं तेच लार्ज-टीला चिकटलेलं.

माझ्या धाकट्या भावाच्या गाठीचा जनुकीय रिपोर्ट आला. टीपी५३, म्हणजे पी५३चं जनुक, बिघडल्याच्या ओळीवर बोट ठेवून त्यानं विचारलं, "ताई, हे तुझंच ना?" हो म्हटलं आणि समजावत सुटले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "१९७९पासून माहीत आहे, तर औषध का नाही?" मी म्हटलं, अति काम करणारं प्रथिन अडवता येतं, निकामी झालेलं पुन्हा कामाला लावणं फार अवघड असतं. उत्तर बरोबर होतं. त्यानं रिपोर्टची घडी घातली आणि जेवायला काय आहे असं आईला विचारलं. पुढच्या वर्षी तो गेला.

पूर्वीची मी इथं लगेच इमॅटिनिब या औषधाचं उदाहरण पुढे केलं असतं. एबीएल जनुकाचा माग उंदरांच्या एबल्सन विषाणूतून लागला, आणि बिघडलेल्या एबीएलला अडवणारं हे औषध २००१मध्ये ल्युकेमियाच्या रुग्णांना मिळू लागलं. त्यावर लोक वर्षानुवर्षं जगताहेत. हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. पण भावासमोर ते उदाहरण माझ्या तोंडून निघालं नाही, आणि अजूनही ते देताना मी अडखळते.

समित्यांना एवढंच सांगते: कोंबडीच्या गाठीतला विषाणू पेटन राउस यांनी १९११मध्ये दाखवला. त्यातलं सार्क जनुक निरोगी कोंबडीतही असतं, विषाणूनं ते तिथूनच उचललंय, हे कळायला १९७६ उजाडलं. मधली पासष्ट वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही. भावाला ती परवडली नसती, हेही खरं.