जरीपटक्यातला पापड आणि पाणी

1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली अनेक कुटुंबे नागपुरात जरीपटक्याला स्थिरावली. आमच्या शेजारचे आजोबा त्यांतलेच. त्यांच्या घरी गेले की आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला समोर येई. झुलेलालांना, म्हणजे जलदेवतेला, मानणाऱ्या समाजात पाणी पाजणे पुण्याचे ठरावे, यात मला फार खोल सुसंगती दिसते.

झुलेलालांच्या शेजारी गुरू नानकांची तसबीर होती, आणि कष्टाने मिळवावे, वाटून खावे ही नानकांची शिकवण आजोबांनी दुकानाच्या गल्ल्यापर्यंत नेली होती: रोजच्या भवानीतले एक नाणे ते वेगळ्या डब्यात टाकत. ‘शरणार्थी’ म्हटलेले त्यांना खपत नसे. ‘आम्ही पुरुषार्थी’, असे ते शांतपणे सांगत. घरदार मागे सुटलेल्या माणसांनी कोणापुढे हात न पसरणे हाच मोठा सद्गुण मानावा, हे मी समजू शकते. पण त्याच मापाने एखाद्या खचलेल्या माणसाला आळशी ठरवले जाई, तेव्हा मला वाईट वाटे. आजोबांनी मात्र अशाच एका शेजाऱ्याच्या मुलीच्या फीसाठी तो डबा रिकामा केला होता, हे घरच्यांनाही त्यांच्या पश्चातच कळले.