पिंपातल्या अळ्या आणि बेन्नूची माती

आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी, त्यामुळे गच्चीवर निळं पिंप कायम भरलेलं. परवा झाकण काढलं तर कडेला हिरवा बुळबुळीत थर आणि वळवळणाऱ्या अळ्या! आज्जी म्हणायची, "साठल्या पाण्यात आपोआप जीव पडतो बघ." आपोआप कसला, डास अंडी घालून जातो. सूक्ष्मजीवसुद्धा असे उपजत नाहीत, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने 1860च्या सुमारास दाखवलं.

पण सगळ्यात पहिला जीव? तो तर निर्जीवातूनच आला असणार, तिथे आज्जीला मोडीत काढता येत नाही. पाणी, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन काचपात्रात कोंडून, जणू आरंभीची पृथ्वीच, रसायनशास्त्रज्ञ स्टॅनली मिलरने विजेच्या ठिणग्या पाडल्या; त्यातून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, तयार झाली, हे 1953 साली छापून आलं. आणि 2023 मध्ये बेन्नू लघुग्रहावरून 121.6 ग्रॅम माती पृथ्वीवर आली. पावशेरसुद्धा नाही, आमची शेंगाचटणीची पुडी जास्त भरेल! तिच्यात प्रथिनं बनवणाऱ्या 20 पैकी 14 अमिनो आम्लं निघाली.

म्हणजे शिधा अवकाशातही आहे. चूल आणखी कुठे पेटली, म्हणजे जीव जन्मला असेल का? मला वाटतं, असेल.

पिंप मात्र घासून उन्हात पालथं घातलंय. गल्लीत डेंग्यूचे दोन पेशंट आहेत.