कच्चं बिल

गणपतीतल्या शिबिरात रक्त देऊन आठ-नऊ दिवस झाले असतील. दुकानापुढं टेम्पो लागला होता, पुट्टीच्या गोण्या मोजून घेत होतो आणि फोन वाजला. रक्तपेढीतून बोलतोय म्हणाल्या. "तुमच्या रक्ताबद्दल जरा बोलायचंय, समक्ष या. काळजीचं काही नाही, पण लवकर या." या वाक्यानं आजवर कुणाची काळजी कमी झाली असेल, तर त्याला मला एकदा भेटायचंय. गोण्या किती उतरल्या ते पुन्हा मोजावं लागलं.

माझं ते चौदावं रक्तदान. एवढ्या वर्षांत प्रमाणपत्र आणि एखादी थैली यापलीकडं रक्तपेढीनं मला कधी काही दिलं नव्हतं. त्या शुक्रवारी संध्याकाळी एक चिठ्ठी दिली. काउंटरवर माझ्या मागं दोघं उभे असताना तिथला पोरगा म्हणाला, "एचआयव्ही रिॲक्टिव्ह दाखवतंय. सिव्हिलला आयसीटीसी आहे, एचआयव्हीचं तपासणी-समुपदेशन केंद्र, तिथं खात्री करून घ्या." आवाज त्यानं कमी केला होता, नाही असं नाही. पण मागच्या माणसानं मान वर केली, ती मला न बघताही कळली.

आयसीटीसीत जायचं ते आता सोमवारीच. म्हणजे मधे तीन रात्री.

"अहो, कशाला बोलावलं होतं?" बायकोनं विचारलं. मी म्हटलं, "हिमोग्लोबिन कमी आलंय." तोंडाला आलं ते बोलून गेलो. माझी पिढी एचआयव्हीचं नाव भिंतींवरच्या लाल अक्षरांतून शिकली. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत एक ट्रक ड्रायव्हर होता. तो आजारी पडला तेव्हा चहाच्या गाड्यावर त्याचा ग्लास वेगळा ठेवायचे, कानाला दोरा बांधून. ग्लासानं हा रोग पसरत नाही हे तेव्हाही माहीत होतं लोकांना, पण दोरा काही सुटला नाही. त्या तीन रात्री मला तो दोराच दिसत होता. शेजारी बायको झोपलेली, आणि मी मोबाईलचा उजेड उशीखाली दाबून वाचत बसलेलो. वाचू नये ते सगळं वाचलं. घसा दुखतोय असंसुद्धा वाटायला लागलं.

सोमवारी दुकानाची किल्ली पोराकडं दिली आणि सिव्हिल गाठलं. ओपीडीच्या टोकाला खोली, दारावर १०९७ हा हेल्पलाइनचा नंबर. आतल्या समुपदेशक मॅडमनी आधी उठून दार लावलं, मग नाव विचारलं. काउंटरवरच्या त्या पोराला हे कुणीतरी शिकवायला हवं होतं. २०१७ च्या कायद्यानं हे बंधनच आहे: माणसाच्या संमतीशिवाय तपासणी नाही आणि निकाल दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये.

प्रश्न सरळ होते. लग्नाबाहेर संबंध आलाय का, नशेची सुई घेतलीय का, कधी रक्त चढवलंय का. माझे कान तापले, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. सगळ्याला 'नाही' म्हटल्यावर त्यांनी चिठ्ठी वाचली. किटची मर्यादा १, माझा आकडा १.३, म्हणजे जेमतेम वर. मग जुन्या फॉर्मची पाठकोरी बाजू ओढून त्यावर एक मोठा गोल काढला.

"हे समजा हजार लोक. आपल्याकडं प्रौढांमध्ये साधारण हजारी दोन जणांना लागण असते." गोलात दोन ठिपके दिले. "आता समजा, किट हजारात पाच वेळा चुकून बोट दाखवतं." पाच फुल्या मारल्या. "किटनं सात जण पकडले. त्यातले खरे किती?"

"दोन."

"म्हणून त्याला रिॲक्टिव्ह म्हणतात, पॉझिटिव्ह नाही." रक्तपेढीतलं किट मुद्दाम हळवं ठेवलेलं असतं, त्या म्हणाल्या. पिशवी दुसऱ्याच्या अंगात जाणार, तेव्हा एक बाधित पिशवी सुटण्यापेक्षा पाच चांगल्या फेकलेल्या परवडल्या. हे मला लगेच पटलं. आमच्या भाषेत सांगायचं तर ते कच्चं बिल होतं, आणि मी त्यावर तीन रात्री घालवल्या होत्या.

सही केली, रक्त दिलं, एक पैसा लागला नाही. बाहेर बाकावर पाऊण तास बसलो. शेजारी एक गरोदर मुलगी आणि तिची सासू डबा उघडून चपाती खात होत्या. गरोदरपणात ही तपासणी करतात हेही मला तिथंच कळलं.

निकाल नॉन रिॲक्टिव्ह. मी हसायला हवं होतं, पण भांडायला लागलो. "एकच चाचणी केली तुम्ही! त्यांचं एक किट हो म्हणतं, तुमचं एक नाही म्हणतं. मी कुणाचं ऐकू?" अशी माणसं रोज येत असावीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की इथं पहिल्या चाचणीत नाही आलं तर तिथंच थांबतात. रिॲक्टिव्ह आलं तर त्याच रक्तावर आणखी दोन वेगळ्या किट लावतात, एकावर रेषा उमटतात, एकावर ठिपके, आणि तिन्ही एकमुखानं बोलले तरच पॉझिटिव्ह लिहितात. किट शोधतं ती एचआयव्हीशी लढायला शरीरानं बनवलेली अँटिबॉडी; तिच्याऐवजी दुसरीच कुठली अँटिबॉडी किटला चिकटली की खोटी खूण उमटते. माझ्यात कुठली चिकटली, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं.

पण नव्या लागणीत उलटंही होतं. विषाणू शिरल्याबरोबर रक्तात काही सापडत नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांत त्याचं पी-२४ हे प्रथिन दिसायला लागतं, ते चौथ्या पिढीची किट पकडतात. अँटिबॉडी तयार व्हायला त्याहून वेळ लागतो, कुणाला तीन आठवडे, कुणाला तीन महिने. मधला हा काळ म्हणजे विंडो पिरियड. "तुमच्यात तसं काही वाटत नाही, पण दोन निकाल जुळत नाहीत, तेव्हा तीन महिन्यांनी परत या. आणि आलंच असतं पॉझिटिव्ह, तरी गोळ्या फुकट आहेत, दुसऱ्या दिवसापासून सुरू करता येतात. घाबरून घरी बसणाराच फसतो."

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे शनिवारपासून मी तुम्हाला बीट उकडून घालतेय ते उगाचच?" आणि रडायला लागली. तीन महिन्यांनी ती माझ्याबरोबर आली, मी न सांगता, आणि स्वतःचंही रक्त देऊन आली. दोघांचे कागद कपाटात लग्नाच्या अल्बमखाली ठेवलेत.

रक्तपेढीच्या वहीत मात्र मी रिॲक्टिव्हच आहे. सिव्हिलचे दोन्ही कागद दाखवले, पण एकदा असं आलेल्या दात्याचं रक्त आम्ही पुन्हा घेत नाही म्हणाले. पिशव्या फेकण्याचा हिशेब मला पटला होता, हा नाही पटला, पण वाद घातला नाही.

यंदाच्या शिबिरात चहा-बिस्किटांचं टेबल मी सांभाळलं. मंडळातला एक पोरगा दंडाला कापूस दाबून आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही नाही झोपलात यंदा?"

"हिमोग्लोबिन कमी आहे," मी म्हटलं, आणि त्याच्यापुढं पार्लेचा पुडा सरकवला.