पतंगाची भुकटी आणि पाणमांजराची लव

पतंग आणि पाणमांजर यांची तुलना करू लागल्यावर पहिली अडचण संख्येची येते. पतंगांच्या ज्ञात प्रजाती सुमारे १,६०,००० आहेत आणि पाणमांजरांच्या जेमतेम १३-१४. म्हणजे ‘पतंग’ ही एक प्रजाती नव्हे, तर अफाट समूह आहे. दोघांचा सामाईक पूर्वज ५० कोटी वर्षांपेक्षाही आधी होऊन गेला. तरीही मला ही तुलना मोलाची वाटते, कारण दोघेही केसाळ आहेत आणि दोघांनाही त्या केसांची ऊब लागते.

समुद्री पाणमांजराला देवमाशासारखा चरबीचा जाड थर नसतो. त्याची सगळी भिस्त लवेवर असते: एका चौरस सेंटिमीटरमध्ये दीड लाखापर्यंत केस असू शकतात, आणि त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे थंडगार पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच ते रोज कितीतरी वेळ अंग चोळत, लव साफ करत असते. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यावर तेलगळती झाली, तेव्हा तेलाने केस चिकटून ही हवाच निघून गेली आणि हजारो पाणमांजरे दगावली. ही घटना आठवली की मला आजही वाईट वाटते.

पतंगाला हात लावल्यावर बोटांना जी भुकटी लागते, ते खरे तर त्याचे सूक्ष्म खवले असतात. पाणमांजराचे केस केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांतही असणाऱ्या प्रथिनाचे, तर हे खवले कायटिनचे, म्हणजे कीटकांच्या कवचातल्या पदार्थाचे. मात्र छातीवर तेच खवले लांब होऊन दाट लवेसारखे दिसतात. कीटक असूनही हॉक मॉथसारखे पतंग उड्डाणापूर्वी स्नायू थरथरवून छातीचे तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात, आणि ही लव ती उष्णता धरून ठेवते. वटवाघूळ भक्ष्य शोधण्यासाठी जो श्राव्यातीत (आपल्याला ऐकू न येणारा) ध्वनी सोडते, त्याचा काही भाग काही पतंगांचे खवले शोषूनही घेतात, त्यामुळे एवढ्याशा भुकटीचे मला अधिक नवल वाटते.

ऊब टिकवण्याची किंमत मात्र दोघे फार वेगळ्या रीतीने चुकवतात. समुद्री पाणमांजराला रोज आपल्या वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा खावे लागते. याउलट ॲटलास पतंगाच्या प्रौढाला खाताच येत नाही. अळी असताना साठवलेल्या शिदोरीवर तो आठवडा-दोन आठवडे जगतो. त्याची मादी अंडी घालून मरते, पिल्ले तिला कधी दिसत नाहीत. पाणमांजराची आई मात्र पिल्लाला सुमारे सहा महिने सांभाळते. पिल्लाच्या लवेत इतकी हवा असते की त्याला बुडीच मारता येत नाही, म्हणून आई त्याला पाण्यावर तरंगत ठेवून भक्ष्य शोधायला खाली जाते.