मोळीतल्या काड्या

मंगळवार, रात्री

रविवारी मी एका मुलीनं स्वतः काढून छापलेल्या टॅरो डेकवर, म्हणजे भविष्य पाहायच्या पत्त्यांच्या संचावर, परीक्षण लिहिलं. काल रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला. "ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून धन्यवाद. पुढच्या छपाईत कागद जाड घेते." बस, एवढंच. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

कागदाबद्दल मी लिहिलं त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. तिचे पत्ते 300 जीएसएमचे (कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे दणकट), माझ्या हाताला 350 ची सवय. आठच दिवसांत कडा पांढऱ्या पडल्या आणि शफल करताना दोन-दोन पत्ते चिकटून येतात. पैसे मोजून घेणाऱ्याला हे आधी कळायलाच हवं. डेक मला भेट म्हणून आला, हेही पहिल्याच ओळीत सांगून टाकलं होतं. शंभर-दोनशे संच छापणाऱ्या मुलीला मोठ्या प्रकाशकासारखा कागद त्याच भावात मिळत नाही, हे मात्र लिहायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे सुचलंच नाही.

पण झोप उडाली ती कागदामुळे नाही. टेन ऑफ वॉन्ड्स, म्हणजे दहा काठ्यांच्या पत्त्याबद्दल मी लिहिलं होतं, "दहा काठ्या धड मोजताही येत नाहीत, हे चित्र घाईत उरकलंय."

उरकलंय.

तिनं तिथं डोक्यावर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, मोळी घेतलेली बाई काढली आहे. रात्री बारा वाजता उठून तो पत्ता दिव्याखाली धरला आणि नखानं एकेक काडी मोजली. मोळीच्या पुढच्या टोकाला बरोबर दहा काड्या बाहेर आल्या आहेत. प्रत्येकीच्या शेंड्याला फुटलेलं रिकामं बोंड, कुठं चार पाकळ्यांचं, कुठं पाच. एका बोंडात कवडी कापसाचा बारीकसा पुंजका तसाच अडकून राहिलाय, वेचणारीनं सोडून दिलेला. एवढं जिनं पाहिलं, तिनं उरकलं? उरकलं तर मी. अठ्ठ्याहत्तर पत्ते एका संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत पाहिले. एकही रीडिंग, म्हणजे कुणासाठी पत्ते मांडून वाचणं, केलं नव्हतं त्या डेकवर.

वाईट अशासाठी वाटतं की शुक्रवारी आमच्यासोबत हेच झालं होतं आणि मी तीन दिवस धुसफुसत होते. खरेदी केंद्रावर कापसाची गाडी लावली. तिथल्या माणसानं वरच्या थरातला मूठभर कापूस काढला, यंत्र खुपसलं, "ओलावा 11" म्हणाला आणि भाव पाडला. पूर्ण भाव 8 टक्क्यांपर्यंत, 12 च्या वर गेला की गाडी परत, हा नियम आम्हालाही ठाऊक आहे. वरचा थर पहाटेच्या दवात भिजलेला होता, खालचा कोरडा ठणठणीत. खालचं पाहा म्हटलं तर मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मामाजी येताना सारा रस्ता गप्प, आणि घरी पोचल्यावर फक्त म्हणाले, "वरची मूठ पाह्यली अन् गाडीले नाव ठेवलं." हे तर काहीच बोलले नाहीत. ते जाऊ दे.

रविवारी तेच मी केलं. यंत्राचा आकडा तिथंही खरा होता, माझाही कागदाचा आकडा खरा. आकडा खरा असला म्हणजे वागणं खरं होतं का, हेच मला रात्रभर सुटलं नाही.

आणि मी कोणत्या तोंडानं "परंपरेला सोडून" असंही लिहिलं! 1909 च्या आधी सर्रास चालणाऱ्या मार्सेय धाटणीच्या जुन्या टॅरो पत्त्यांत टेन ऑफ वॉन्ड्सवर नुसत्या काठ्या असायच्या, माणूस नव्हताच. तो वाकलेला, ओझ्यात तोंड खुपसलेला माणूस काढला 1909 च्या डेकची चित्रकार पामेला कोलमन स्मिथनं, ती परंपरा सोडूनच. त्या वर्षी एका पत्रात तिनं लिहिलंय की फार मोठं काम संपवलं, पैसे फार थोडे मिळाले. पुढं कित्येक वर्षं डेक ओळखला गेला प्रकाशकाच्या आणि तो तिच्याकडून काढून घेणाऱ्या आर्थर वेटच्या नावानं. 1951 मध्ये ती गेली तेव्हा डोक्यावर देणं होतं. रीडिंगला बसणाऱ्या प्रत्येकीला मी ही गोष्ट सांगते, सांगताना माझा गळा दाटतो. आणि आज जी मुलगी एकटीनं अठ्ठ्याहत्तर चित्रं काढते, तिच्या काड्या मोजायला मला सवड नव्हती.

पहाटे उठून दुरुस्ती लिहिली. जुनं वाक्य पुसलं नाही. खाली लिहिलं: "हे चूक आहे. काड्या दहाच आहेत, मी न मोजता लिहिलं. या डेकवर एकही रीडिंग न करता मी मत दिलं होतं." कागदाचं तसंच ठेवलं. तिला वेगळं पत्र लिहून माफी मागितली. खूप वेळ लागला, पण लिहून झाल्यावर छातीवरचं ओझं खरंच उतरलं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. चुकलं ते चुकलं, आता पुढचे तीन आठवडे रोज याच डेकवर एक पत्ता काढायचा आणि मगच बाकीचं लिहायचं.

पत्ता ओट्यावर राहिला होता. आई चहा घ्यायला आल्या, हात पुसून त्यांनी तो उचलला आणि लांब धरून बराच वेळ पाहिला. मला वाटलं, काय हे खूळ म्हणतील. त्या म्हणाल्या, "मोळी चांगली बांधली. पण चुंबळ नाही देल्ली हिले. डोकं दुखन ना बाईचं."

मी जन्मभर मोळ्या पाहिल्या, पण चुंबळ नाही हे मला दिसलं नव्हतं. आईंचे शब्द होते तसेच तिला कळवले.

दुपारी, पऱ्हाटी उपटायला निघताना, तिचं उत्तर आलं. "आईंना विचाराल का, तुमच्याकडं चुंबळ कशाची करतात?"

जुन्या लुगड्याची, म्हणाल्या. उद्या एक वळून देते, फोटो काढून पाठव तिले.